आद्य चित्रपटनटी कमलाबाई गोखले : चरित्र आणि साधनचर्चा

१. विषयप्रवेश

इतिहासाचें साधन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें रुमालांत बांधलेलीं दप्तरें, ताम्रपट, शिलालेख, नाणीं आणि फार तर एखादी बखर हीं उभीं राहतात. सिनेमाची फीत हेंही ऐतिहासिक साधन होय असें कोणी म्हटलें असतें तर पूर्वीच्या पिढींतील संशोधकांनीं तें हंसण्यावारी नेलें असतें. परंतु जी वस्तु एका ठराविक काळीं, ठराविक माणसांनीं निर्माण केली, जिची मूळ प्रत व तिच्यावरून केलेल्या नकला असा भेद करतां येतो, आणि जी आग, ओल व अनास्था यांच्या भक्ष्यस्थानीं पडूं शकते, ती वस्तु आमच्या अभ्यासाच्या कक्षेबाहेरची कशी म्हणावी? या दृष्टीनें मूकपटांच्या आरंभकाळांतील एका नटीचें चरित्र आम्ही येथें तपासणार आहों.

ही नटी म्हणजे कमलाबाई गोखले, विवाहापूर्वींच्या कामत. यांच्या मातोश्री दुर्गाबाई कामत व स्वतः कमलाबाई या दोघी मायलेकी फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटांत एकत्र उभ्या राहिल्या. तेव्हांपासून 'हिंदुस्थानांतील पहिल्या चित्रपटनटी' हें बिरुद त्यांच्या नांवामागें लागलें आहे. बिरुद देणें सोपें असतें. तें कोणत्या अर्थानें व कोणत्या पुराव्यावर द्यावयाचें, हें सांगणें तितकेंसें सोपें नाहीं. ज्या स्त्रियांनीं समाजाचा रोष पत्करून हें पाऊल टाकिलें, त्यांच्याविषयीं खरें तेंच व नेमकें तेंच सांगावें, यांतच त्यांचा खरा सन्मान आहे असें आम्ही समजतों.

२. कुल व बालपण

कमलाबाईंचा जन्म १९०० सालचा. त्यांच्या मातोश्री पतीपासून विभक्त झाल्या होत्या. संसार मोडलेल्या घरंदाज स्त्रीस त्या काळीं उपजीविकेचे मार्ग मोजकेच उघडे असत : दुसऱ्याच्या घरचें स्वयंपाकपाणी करावें, माहेरच्या वळचणीस राहावें, किंवा लोक ज्याचें नांवही काढीत नसत अशा मार्गास लागावें. दुर्गाबाईंनीं यांपैकीं कोणताही मार्ग न पत्करतां फिरत्या नाटक मंडळीचा आश्रय केला. घरंदाज स्त्रीनें रंगभूमीवर पाय ठेवणें म्हणजे तेव्हां आपल्या हातानें जातींतून उठून जाणेंच होतें. तें त्यांनीं केलें, व मुलीलाही बरोबर नेलें. अशा रीतीनें कमलाबाईंचें शिक्षण काय तें मंडळीच्या बिऱ्हाडीं व तालमींत झालें. चार-पांच वर्षांच्या वयापासूनच त्या रंगभूमीवर वावरूं लागल्या.

येथें कालनिर्णयाचा एक मुद्दा उपस्थित होतो. सांप्रत प्रचलित असलेल्या कांहीं त्रोटक चरित्रटिपणांत दुर्गाबाईंच्या नांवापुढें जन्मवर्ष १८९९ व मृत्युवर्ष १९९७ असें दिलेलें आढळतें. मुलीचा जन्म १९०० चा. तेव्हां आई मुलीहून एकाच वर्षानें वडील ठरते! याची उपपत्ति उघड आहे. १९९७ हें कमलाबाईंच्या निधनाचें वर्ष होय. तें एकदां चुकून आईच्या नांवापुढें पडलें, आणि पुढील प्रत्येक टिपणकारानें मागील टिपणावरून डोळे मिटून नक्कल केली. वंशावळींत बाप व लेक यांचीं सालें एकमेकांत मिसळल्याचीं उदाहरणें आमच्या वाचकांस नित्य भेटतात. त्यांतलाच हा प्रकार. नक्कलनविसाची चूक लेखणीनें होवो वा छापखान्यांत होवो, तिचा स्वभाव एकच. हीं दोन्हीं सालें दुर्गाबाईंच्या नांवापुढून काढून टाकणें, ही दुरुस्ती प्रथम व्हावी.

३. फाळके यांची अडचण

धुंडिराज गोविंद फाळके (१८७०–१९४४) यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ येथें लोकांपुढें आला. या पटांत तारामतीची भूमिका आहे. पण ती करणारी स्त्री फाळके यांस मिळाली नाहीं. त्यांनीं वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, कलावंतिणींच्या वस्तींतही शोध केला, तरी कोणी टिकलें नाहीं. शेवटीं एका उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके या सडपातळ तरुणास त्यांनीं लुगडें नेसविलें व तारामती उभी केली.

याचें आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. मराठी रंगभूमीवर पुरुषानें स्त्रीभूमिका करणें हा त्या वेळीं केवळ नाइलाज नव्हता. तो शिष्टसंमत व अत्यंत लोकप्रिय प्रघात होता. ज्या १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' निघाला, त्याच सालीं गंधर्व नाटक मंडळीची स्थापना झाली, व बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनीं सारा महाराष्ट्र वेडा होऊन गेला. लुगडें नेसण्याची व चालण्याची ढब कुलीन स्त्रियांनीं त्यांच्यापासून उचलावी, इतका तो प्रभाव! अशा काळीं 'स्त्रीची भूमिका स्त्रीनेंच केली पाहिजे' असें म्हणण्याची कोणास गरज वाटत नव्हती. शिवाय सिनेमाचा धंदा नाटकाहूनही नवखा; नाटकास निदान शास्त्राचा व पुराणाचा आधार दाखवितां येई, यास तोही नाहीं. म्हणून नाटकांतल्या स्त्रियासुद्धां कॅमेऱ्यापुढें येण्यास कचरत.

४. 'मोहिनी भस्मासुर'

'राजा हरिश्चंद्र'च्या यशानंतर १९१३ च्या उत्तरार्धांत फाळके यांनीं आपला कारखाना दादरहून नाशिकास हलविला. तेथें तयार झालेला त्यांचा दुसरा पट तो 'मोहिनी भस्मासुर'. कथा सर्वविश्रुत आहे. ज्याच्या मस्तकावर हात ठेवावा तो भस्म व्हावा, असा वर मिळालेला असुर वर देणाऱ्या शंकराच्याच पाठीस लागतो. तेव्हां विष्णु मोहिनीचें रूप घेऊन त्याला नृत्यांत गुंतवितो, व मोहिनीचें अनुकरण करितां करितां असुर आपलाच हात आपल्या मस्तकावर ठेवून भस्मसात् होतो. या पटांत पार्वती झाल्या दुर्गाबाई आणि मोहिनी झाल्या कमलाबाई. त्या वेळीं त्यांचें वय अवघें तेरा वर्षांचें होतें.

कथेची निवड लक्षांत घेण्यासारखी आहे. पहिल्या पटांत पुरुष स्त्री झाला होता. या दुसऱ्या पटांतील मुख्य भूमिका म्हणजे पुरुषदेवतेनें घेतलेलें स्त्रीरूप. जुन्या प्रघातानें ती एखाद्या पुरुषास देतां आली असती, व कोणी नांव ठेविलें नसतें. तरीही ती स्त्रीकडे गेली. मोहिनीच्या नृत्यावर सर्व कथानक उभें असल्यामुळें रंगभूमीवर वाढलेली व नृत्याभिनयाची संवय असलेली मुलगी मिळणें हा फाळके यांस मोठाच लाभ झाला असला पाहिजे.

या पटाचें साल कांहीं याद्यांत १९१३ व कांहींत १९१४ असें दिलेलें असतें. यांत विरोध नाहीं. पट तयार झाला १९१३ सालीं. मुंबईच्या प्रेक्षकांनीं तो पाहिला जानेवारी १९१४ मध्यें, व त्याबरोबर 'पिठाचे पंजे' ही छोटी विनोदी चित्रिकाही दाखविण्यांत आली. पत्र लिहिल्याची मिति आणि तें पोहोंचल्याची मिति यांत जसा फरक असतो, तसाच हा आहे. यादी करणारानें आपण कोणती मिति देतों हें स्पष्ट लिहावें, इतकेंच.

पटाची लांबी सुमारें ३,२०० फूट होती. यावरून खेळास लागणारा वेळ काढतां येतो. प्रचलित रुंदीच्या, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या, फितींत एका फुटांत सोळा चित्रें बसतात. त्या काळीं हातानें दांडा फिरवून साधारणपणें एका सेकंदास सोळा चित्रें या वेगानें पट दाखवीत. म्हणजे एक सेकंदास एक फूट. या हिशेबानें 'मोहिनी भस्मासुर' सुमारें ५३ मिनिटांचा होतो. हात जलद फिरला तर वेळ कमी भरेल, सावकाश फिरला तर अधिक. परंतु जुन्या जाहिरातींतील फुटांवरून पटाचा आकार अजमावण्यास हें कोष्टक संग्राहकांस उपयोगी पडेल.

५. पहिलेपणाची मर्यादा

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. हिंदुस्थानांत कॅमेऱ्यापुढें उभी राहिलेली पहिली स्त्री कमलाबाई किंवा दुर्गाबाई होत काय? इतक्या व्यापक अर्थानें तसें म्हणतां येणार नाहीं. कलकत्त्याच्या क्लासिक थिएटरमधील नाट्यप्रयोगांतील प्रवेश हिरालाल सेन यांनीं या शतकाच्या—म्हणजे विसाव्या शतकाच्या—आरंभींच फितीवर घेतले होते. त्यांत १९०३ च्या सुमाराच्या 'अलीबाबा'चा समावेश होतो, आणि त्यांत कुसुमकुमारी ही बंगाली नटी होती. सेन यांचा सारा संग्रह १९१७ सालीं आगींत जळाला. म्हणून कुसुमकुमारीचें नांव मागें पडलें. पुरावा जळाला म्हणून घटना घडलीच नाहीं, असें मानणें संशोधकास शोभत नाहीं.

पण या दोन घटनांत एक महत्त्वाचा भेद आहे. सेन यांनीं जें टिपलें तें रंगभूमीवर अगोदरच चाललेल्या नाटकाचें प्रतिबिंब होतें. फाळके यांनीं जें केलें तें पडद्यासाठींच योजिलेलें, पडद्यासाठींच लिहिलेलें व वेशभूषेसह उभें केलेलें स्वतंत्र कथाचित्र होतें. म्हणून, पडद्यासाठींच रचिलेल्या भारतीय कथाचित्रांत भूमिका करणाऱ्या आद्य स्त्रिया म्हणजे दुर्गाबाई कामत व कमलाबाई कामत, हें विधान आमच्या मतें निर्बाध राहतें. मर्यादा घातल्यानें मान कमी होत नाहीं. उलट तो टिकाऊ होतो.

दुसरी मर्यादा अशी कीं, एका उदाहरणानें प्रघात मोडत नाहीं. 'मोहिनी भस्मासुर'नंतर चार वर्षांनीं, १९१७ च्या 'लंकादहना'त अण्णा साळुंके यांनीं राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्यानें केल्या, व तो पट लोकांनीं डोक्यावर घेतला. १९१९ च्या 'कालियामर्दना'त बालकृष्णाची भूमिका फाळके यांच्या स्वतःच्या लहान मुलीनें, मंदाकिनीनें, केली. याचा अर्थ असा कीं, ज्या कामास परक्यांच्या मुली मिळत नव्हत्या, त्या कामांत चालकानें आपल्या घरचीच मुलगी पुढें केली. पुढें १९२० नंतरच्या दशकांत परिस्थिति झपाट्यानें पालटली. फातमा बेगम या नटीनें १९२६ सालीं स्वतःची चित्रसंस्था काढून 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. पुण्यांत जन्मलेल्या व टेलिफोनच्या कचेरींतून चित्रपटांत आलेल्या रूबी मायर्स या 'सुलोचना' नांवानें देशभर गाजल्या. त्यांस पुढें १९७३ चें फाळके पारितोषिक मिळालें. नाशिकच्या त्या तेरा वर्षांच्या मुलीनें टाकलेलें पाऊल आणि सुलोचनेचें वैभव यांत अंतर केवळ बारा-पंधरा वर्षांचें आहे. वैभव पाहणारांनीं पाऊल विसरूं नये.

६. उत्तरायुष्य

कमलाबाई चित्रपटांतच राहिल्या असत्या तर त्यांचें चरित्र निराळें झालें असतें. पण त्या रंगभूमीकडे परतल्या. नटवर्य रघुनाथराव गोखले यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, व त्या कमलाबाई गोखले झाल्या. वयाची पंचविशी उलटते न उलटते तोंच त्यांस वैधव्य आलें. पदरीं लहान मुलें होतीं. आईनें जो मार्ग एकदां पत्करला होता त्याच मार्गानें आतां मुलीस जावें लागलें. त्यांनीं रंगभूमि सोडली नाहीं. स्त्रीभूमिकांप्रमाणेंच पुरुषभूमिकाही केल्या, आणि आपला प्रपंच चालविला. ज्या समाजांत पुरुषांनीं लुगडें नेसलेलें चालत होतें व स्त्रीनें रंगभूमीवर येणें मात्र निषिद्ध होतें, त्या समाजापुढें एका विधवेनें पुरुषवेशांत उभें राहावें, ही घटना नाट्येतिहासकारांनीं नोंदून ठेवण्यासारखी आहे.

बोलपट आल्यावर त्यांनीं त्यांतही कामें केलीं. त्यांचा शेवटचा चित्रपट 'गहराई' हा १९८० चा. म्हणजे १९१३ पासून १९८० पर्यंत, मूक चित्रांपासून रंगीत बोलपटांपर्यंत, एकाच व्यक्तीची नट म्हणून हजेरी लागते. त्यांचे पुत्र चंद्रकांत गोखले (१९२१–२००८) हे मराठी रंगभूमि व चित्रपट यांतील नामांकित नट. लालजी व सूर्यकांत हे दुसरे दोन पुत्र तबलावादक. नातू विक्रम गोखले (१९४५–२०२२) यांनींही अभिनयाचीच परंपरा चालविली. कमलाबाईंचें निधन १९९७ सालीं पुण्यास झालें.

त्यापूर्वीं एक मोठें कार्य झालें, तें येथें कृतज्ञतेनें नमूद केलें पाहिजे. रीना मोहन यांनीं कमलाबाईंच्या नव्वदीच्या आसपास त्यांच्यावर 'कमलाबाई' हा माहितीपट तयार केला. तो १९९२ च्या सुमारास लोकांपुढें आला. त्यांत या वृद्ध नटीनें स्वतःच्या तोंडानें आपला वृत्तांत सांगितला आहे. जें साधन आपण होऊन पुण्यांत, आमच्या दप्तरखान्यांपासून हाकेच्या अंतरावर, इतकीं वर्षें नांदत होतें, तें टिपण्यास कोणी तरी वेळेवर आलें, हें भाग्यच म्हणावयाचें. आम्ही संशोधक मात्र मेलेल्यांच्या पत्रांचा शोध घेत असतों, आणि जिवंत साक्षीदारांस विचारावयाचें राहून जातें.

७. साधनांचें तारतम्य

कमलाबाईंच्या चरित्रास साधनें चार प्रकारचीं : समकालीन जाहिराती, छायाचित्रें, उत्तरवयांतील आठवणी, आणि खुद्द चित्रपट. जाहिरात ही तारीखवार पत्रासारखी. तींत अतिशयोक्ति असली तरी स्थळ व दिवस यांसाठीं ती प्रमाण. आठवणी या बखरीसारख्या. त्यांतील रंग व भाव अस्सल, परंतु सालवारी तपासून घ्यावी लागते. चौथें व सर्वांत मोठें साधन म्हणजे 'मोहिनी भस्मासुर'ची फीत. ती आज उपलब्ध नाहीं. त्या नृत्याचा एकही फूट उरलेला नाहीं.

हें एकट्या या पटाचें दुर्दैव नव्हे. १९१३ ते १९३४ या काळांत हिंदुस्थानांत सुमारें तेराशें मूकपट निघाले. त्यांपैकीं दोन-तीन डझनच पूर्ण वा तुटक स्वरूपांत उरले आहेत. याचें पहिलें कारण रासायनिक. त्या काळची फीत नायट्रेटची, म्हणजे कापूस व नत्राम्ल यांपासून केलेल्या पदार्थाची असे. ती आपोआप कुजते. प्रथम चित्र फिकट होतें, मग फीत चिकट होते, तिला उग्र वास सुटतो, व शेवटीं तिची तपकिरी भुकटी होते. तिला आग लागली तर पाण्यानेंही विझत नाहीं. पुण्यांतच जानेवारी २००३ मध्यें नायट्रेट फितींच्या साठ्यास आग लागून मोठी हानि झाली. दुसरें कारण माणसाचा लोभ. फितीवरील चित्र चांदीच्या कणांचें असतें. म्हणून जुन्या फिती धुवून चांदी काढून घेण्याचा धंदा चाले. ताम्रपट तांबटास मोडींत विकले गेले व दप्तरें वाण्याच्या पुड्यांस लागलीं, तशीच ही गति.

उरलेल्या फितींचा विचारही सावधगिरीनेंच करावा लागतो. 'राजा हरिश्चंद्र'चीं पहिलें व चौथें अशीं दोन रिळें पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत आहेत. तीं १९१३ च्या मूळ पटाचीं म्हणून दीर्घकाळ दाखविलीं गेलीं. परंतु १९१७ सालीं फाळके यांनीं तोच पट पुन्हा घेतला होता, व हीं रिळें त्या दुसऱ्या चित्रणाचीं असावींत, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. अस्सल व नक्कल हा वाद अशा रीतीनें येथेंही उपस्थित होतोच. याउलट 'कालियामर्दना'च्या सुमारें ६,००० फुटांपैकीं सुमारें ४,४०० फूट उरले आहेत. १९६४ सालीं स्थापन झालेल्या या संग्रहालयाचे संग्राहक पी. के. नायर (१९३३–२०१६) यांनीं फाळके यांच्या कुटुंबीयांकडे जाऊन जे तुकडे मिळविले, त्यांचा या रक्षणांत मोठा वांटा आहे. आरंभीं मंदाकिनी फाळके निरनिराळे भाव चेहऱ्यावर दाखवितात. तें दृश्य पाहिल्यावर 'मोहिनी भस्मासुरा'ची हानि किती मोठी, याची कल्पना येते.

८. संग्राहकांस विज्ञप्ति

कागदपत्रांचा संग्रह करितांना चित्रपटसंबंधीं वस्तु हातीं आल्यास पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

जुनें छायाचित्र वाचतांना रंगांचा भ्रम होऊं देऊं नये. त्या काळची फीत तांबड्या रंगास जवळजवळ अंध असे. त्यामुळें कुंकू व तांबडें लुगडें काळें दिसे, आणि निळें वस्त्र पांढुरकें पडे. चित्रांतील काळें लुगडें काळेंच होतें असें समजून वेशभूषेविषयीं अनुमानें बांधूं नयेत.

फितीचा तुकडा मिळाला तर त्याची कड पाहावी. जुन्या कागदावर जसें जलचिन्ह असतें, तशीं ईस्टमन कंपनीच्या फितीच्या कडेवर १९१६ पासून वर्षदर्शक चिन्हें छापलेलीं असत : वर्तुळ, चौकोन, त्रिकोण. तीं चिन्हें वीस वर्षांनीं पुन्हा येत, हें लक्षांत ठेवून त्यांवरून फितीची पूर्वमर्यादा ठरवितां येते. १९१७ चें चिन्ह असलेली फीत १९१३ ची असूं शकत नाहीं, मग तिच्या डब्यावर कांहींही लिहिलेलें असो.

नायट्रेटची फीत घरीं ठेवूं नये, पाहण्यासाठीं ज्योतीजवळ धरूं नये, व यंत्रावर चढवून चालविण्याचा मोह टाळावा. ती थंड जागीं ठेवून चित्रपट संग्रहालयास कळवावें. तेथें तिची सुरक्षित प्रत होऊं शकते.

शेवटीं, खेळांचीं हस्तपत्रकें, मंडळींचे जमाखर्च, पगारपत्रकें, नटनटींचीं पत्रें, हीं 'नाटकवाल्यांचीं' म्हणून बाजूस टाकूं नयेत. सरदारांच्या दप्तरांत ज्यांचीं नांवें येत नाहींत अशा स्त्रियांचा इतिहास याच कागदांत आहे. दुर्गाबाईंचीं खरीं सालें सांगणारा एखादा कागद, किंवा 'मोहिनी भस्मासुरा'चें एखादें चित्र, नाशिककडील कोणाच्या माळ्यावरील पेटींत असणें अशक्य नाहीं. तसा तो कोणास आढळल्यास त्याची नक्कल, कोठें व कोणत्या स्थितींत मिळाला या टिपणासह, प्रसिद्धीस पाठवावी. ज्या मायलेकींस त्यांच्या काळानें जागा नाकारली, त्यांस आपल्या दप्तरांत तरी ती नीट नोंदून देणें, हें आपलें कर्तव्य आहे.